जठराग्नीचे देणे

गेल्या कोजागरीच्या बैठकीत एका पाहुण्यांचा परिचय करून देण्याचे काम आमच्याकडे होते. पाहुणे म्हणजे आमचे चाळीस वर्षांचे स्नेही. त्यांचे शिक्षण, नोकरी, संगीताची आवड, सारे आम्ही ओघाने सांगत गेलो. आणि शेवटी नाव उच्चारायची वेळ आली तेव्हा ते नाव आमच्यापाशी नव्हते. श्रोत्यांना वाटले, आम्ही मुद्दाम थांबलो आहोत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. या पत्रिकेच्या वाचकांपैकी काहीजण त्या टाळ्यांत सामील होते, आणि त्यांचे आम्ही आजही ऋणी आहोत, कारण तेवढ्या गलबल्यात नाव परत आले आणि वेळ निभावली.

घरी परतताना सुरसागराच्या काठाने चालत होतो. सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, खरंच विसरला होतात ना?" आम्ही काही उत्तर दिले नाही. आणखी एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. आठ महिन्यांपासून आमच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. फरशीवर चालताना पायांखाली कापसाची गादी असल्यासारखे वाटे, आणि रात्री दिवा मालवला की भिंतीचा आधार घेतल्याशिवाय तोल सावरत नसे. हे आम्ही लपवले होते, कारण हे सारे आम्ही पूर्वी एकदा पाहिले होते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, २००९ मध्ये वारले. शेवटची सात-आठ वर्षे ते हळूहळू आपल्यातून निघून गेले. प्रथम पाय बधिर झाले, मग चाल अडखळू लागली, मग माणसांची नावे गेली, आणि अखेरीस माणसेच गेली. वाडीतल्या ज्या घरात त्यांचा जन्म झाला त्याच घराचा पत्ता ते आम्हाला विचारीत. "वय झालं," असे आम्ही सारे म्हणालो. त्यांचे वय तेव्हा पासष्टदेखील नव्हते, हा हिशेब त्या वेळी कोणी केला नाही. १९७३ मध्ये जठरातल्या व्रणासाठी त्यांची मोठी शस्त्रक्रिया झाली होती आणि जठराचा बराचसा भाग काढून टाकला होता. "आमचं अर्धं पोट दवाखान्यात गहाण आहे," असे ते पंगतीत हसत सांगत. आम्हीही हसत असू.

तेव्हा कोजागरीच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते मनातल्या मनात निकाल ऐकण्याच्या तयारीनेच. डॉक्टर तरुण गुजराती गृहस्थ. निम्मे मराठी, निम्मे गुजराती बोलतात, जसे आपण सारेच बोलतो. त्यांनी पायांना कंपनाचा काटा लावून पाहिला, डोळे मिटून उभे राहायला सांगितले, आणि मग विचारले, "काका, गोळ्या कोणकोणत्या घेता?" रक्तदाबाची एक, आणि सकाळी उपाशीपोटी पित्ताची एक, असे आम्ही सांगितले. ती दुसरी किती वर्षे? अकरा. कोणी दिली? एका डॉक्टरांनी सहा आठवड्यांसाठी दिली होती. पुढची पावणेअकरा वर्षे आमची स्वतःची. औषधाच्या दुकानात ती कोथिंबिरीच्या जुडीसारखी मागता येते, आणि रावपुऱ्यातली सेव-उसळ ज्यांना सोडवत नाही त्यांना तिचा मोठाच आधार वाटतो. दोन दिवसांनी रक्ताचा अहवाल आला. बी-१२ हे जीवनसत्त्व जवळजवळ तळाला गेले होते. डॉक्टर म्हणाले, "काका, तमे तमारुं एसिड ज बंध करी दीधुं छे."

आम्हाला हे वाक्य प्रथम कौतुकाचे वाटले. आम्ल बंद करण्यासाठीच तर ती गोळी होती!

खरोखर, पोटातल्या आम्लाशी आपल्या समाजाचे हाडवैर आहे. आपण त्याला पित्त म्हणतो, तेही चुकीने. पित्त यकृतात तयार होते आणि ते अल्कधर्मी असते, घशाशी जे जळजळत येते ते बहुधा जठराचे आम्ल असते. त्याच्यावर आपण थंड दूध ओततो, सोडा ओततो, आवळासुपारी चघळतो. आणि त्याच वेळी, पान मांडून झाले की, अन्नग्रहण हे यज्ञकर्म आहे असे सांगणारा श्लोकही म्हणतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात तर भगवंतच वैश्वानर होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि चार प्रकारचे अन्न पचवतो, असे सांगितले आहे. आजोबांच्या मांडीवर बसून आम्ही हे ऐकले होते. ज्या अग्नीला आजोबा नमस्कार करीत, त्यालाच विझवण्यासाठी आम्ही रोज सकाळी एक गोळी गिळत होतो, हे अकरा वर्षांत आमच्या ध्यानात आले नाही.

तो अग्नी आहे म्हणजे नेमके काय आहे, हा प्रश्न माणसाने फार उशिरा विचारला. अन्न पोटात भरडले जाते, की कुजते, की शिजते, यावर युरोपात पुष्कळ वाद झाले. १७५२ मध्ये फ्रान्सच्या रेओम्यूरने घारीच्या जातीच्या एका पाळीव पक्ष्याला धातूच्या सच्छिद्र नळीत मांस घालून गिळायला लावले. नळीमुळे मांस भरडले जाणे शक्य नव्हते. तरी ते विरघळत गेले. पुढे इटलीतल्या स्पालान्झानी या पाद्रीने स्वतःच कापडाच्या पिशव्यांत अन्न शिवून ते गिळले. शास्त्रासाठी माणूस काय काय गिळतो!

पण खरी खिडकी उघडली ती एका अपघाताने. ६ जून १८२२ रोजी, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या सयाजीरावांची कारकीर्द चालू असताना, अमेरिकेत मॅकिनॅक नावाच्या बेटावर फरच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात एक बंदूक चुकून उडाली. आलेक्सी सेंट मार्टिन या तरुण हमालाच्या बरगड्यांखाली भगदाड पडले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले. पण जखम भरताना जठराची कड त्वचेच्या कडेला चिकटली आणि पोटाला एक कायमचे दार राहिले. त्या दारातून आत पाहता येई. १८२५ पासून बोमाँटनी रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून आत सोडायला सुरुवात केली, आणि ते तासातासाने ओढून तपासले. जठरातला रस काढून त्यांनी काचेच्या कुपीत घेतला, त्यात मांसाचा तुकडा टाकला आणि कुपी अंगाच्या उबेइतकी गरम ठेवली. मांस कुपीतही विरघळले, फक्त जरा सावकाश. म्हणजे जे घडते ते रसाच्या अंगच्या गुणाने घडते. सेंट मार्टिन चिडला की पचन बिघडते, हेही त्यांनी नोंदवले, आणि तो वारंवार चिडे. त्याने चिडू नये तर काय करावे? करार करून बांधलेला, घरची कामे करणारा, आणि पोटाला दोरा लावलेला माणूस तो. १८३३ मध्ये बोमाँटचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सेंट मार्टिन डॉक्टरांनंतरही पुष्कळ वर्षे जगला. १८८० मध्ये तो गेला तेव्हा कोणा डॉक्टरने त्याचे जठर पळवू नये म्हणून घरच्यांनी प्रेत बरेच दिवस तसेच ठेवून मग खोल खड्ड्यात पुरले. बोमाँटचे नाव शास्त्राच्या इतिहासात राहिले. दुसऱ्याचे पोट राहिले.

दरम्यान इंग्लंडच्या विल्यम प्राउटने १८२४ मध्ये तो रस म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे दाखवून दिले होते. पण नुसत्या आम्लात मांस तितकेसे विरघळेना. १८३६ मध्ये थिओडोर श्वान याने त्या रसातून दुसरा कारागीर शोधून काढला आणि त्याला पेप्सिन असे नाव दिले. शालेय पुस्तके ज्याला विकर म्हणतात आणि बोलताना आपण सारे ज्याला एन्झाइम म्हणतो, त्या जातीतले हे एक.

या दोघांचे काम कसे चालते, ते आम्हाला आमच्या स्वयंपाकघरानेच समजावले. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांच्या मण्यांची एक लांबच लांब माळ. पण ती सरळ पसरलेली नसते, लोकरीच्या गुंड्यासारखी स्वतःभोवती गुंडाळलेली असते. गुंड्याच्या आतल्या गाठीपर्यंत कात्री पोहोचत नाही. उकळत्या दुधात लिंबू पिळले की ते फाटते, हे आपण पाहतोच. दुधातली प्रथिने आम्लामुळे आपली जुनी स्थिती सोडून एकमेकांना बिलगतात. जठरातल्या आम्लाचे पहिले काम याच जातीचे: डाळीतली, दुधातली, मांसातली प्रथिने उलगडायची, कात्रीला वाव करून द्यायचा.

आणि कात्री? तीही आम्लच घडवते. जठराच्या पेशी पेप्सिन तयार स्वरूपात सोडतच नाहीत. सोडले तर त्यांचाच फडशा पडेल. त्या सोडतात पेप्सिनोजेन, म्यानात घातलेली तलवार. आम्लाचा स्पर्श झाला की ते म्यान गळून पडते आणि पेप्सिन मोकळे होते. मग मोकळे झालेले पेप्सिन इतरांचीही म्याने उतरवते. ते माळेच्या काही ठरावीक मण्यांपाशीच कापते, त्यामुळे जठरात प्रथिनाचे पूर्ण सुटे मणी होत नाहीत, लहानमोठे तुकडे होतात. आणि हे काम तीव्र आम्लातच चालते. आम्ल सौम्य झाले की पेप्सिन थंडावते. मराठा सरदारांच्या घरी मटण शिजवण्याआधी त्याला कच्च्या पपईचा कीस चोळीत, ते ज्यांना आठवत असेल त्यांना एक गंमत सांगतो. पपईच्या चिकातले पपेन हेही प्रथिने तोडणारेच विकर आहे, पण त्याला आम्लाची गरज पडत नाही. ताटातच काम उरकते. पेप्सिनचे तसे नाही. त्याला त्याचा अग्नी हवाच.

त्या अग्नीची धग थोडीथोडकी नसते. जठराच्या भिंतीतल्या काही पेशी सूक्ष्म पंपांनी आम्ल बाहेर ढकलतात, आणि रक्ताशी तुलना केली तर जठररसातले आम्लाचे प्रमाण दहा लाखांहून अधिक पट होते. असा रस दिवसाकाठी दीड-दोन लिटर तयार होतो. भिंत जळत नाही, कारण तिच्यावर श्लेष्म्याचा जाड थर असतो, त्या थरात आम्ल मारणारा क्षार झिरपत असतो, आणि वरच्या पेशी तर दर काही दिवसांनी नव्या येतात. ही व्यवस्था कोठे ढासळली की व्रण होतो. दादांच्या काळी त्याचा दोष तिखटाला आणि काळजीला देत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल या दोघांनी जठरात राहणारा एक जिवाणू दाखवला, आणि पुष्कळशा व्रणांचे खरे कारण तो असल्याचे पुढे सिद्ध झाले. मार्शलने त्यासाठी त्या जिवाणूंचे पाणी स्वतः पिऊन पाहिले होते. दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी जे बरे होते, त्यासाठी दादांनी १९७३ मध्ये जठर दिले. यात कोणाचा दोष नाही. तेव्हा ते ज्ञानच नव्हते.

जठरातून पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. आंबट झालेला तो लगदा लहान आतड्यात थोडाथोडा सोडला जातो. तेथे स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस त्याचा आंबटपणा मारतो, आणि त्या रसातले ट्रिप्सिन व त्याचे भाऊबंद उरलेल्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करतात. आतड्याची भिंत शेवटची कातरणी करते, आणि मणी रक्तात जातात. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनला अडवणारे पदार्थ असतात, आणि ते शिजवल्यावर बरेचसे नष्ट होतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेल्या कच्च्या हरभऱ्याच्या डाळीत कैरी घालून आपण वाटली डाळ करतो, आणि ती दोन वाट्या खाल्लेला मनुष्य संध्याकाळी का सुस्तावतो, याचे थोडे उत्तर येथे असावे. आम्ही दोन वाट्या सोडलेल्या नाहीत.

येथे एक प्रामाणिकपणाची गोष्ट सांगायला हवी. प्रथिनांपुरते बोलायचे तर आम्ल कमी झाले म्हणून माणूस उपाशी मरत नाही. स्वादुपिंड जठराची उणीव बरीचशी भरून काढते. दादा शस्त्रक्रियेनंतर पस्तीस-छत्तीस वर्षे जगले ते त्यामुळेच. घात होतो तो बी-१२ चा. हे जीवनसत्त्व अन्नात सुटे नसते. दुधातल्या, अंड्यातल्या, मांसातल्या प्रथिनांना ते घट्ट बिलगलेले असते. त्याची ती मिठी सोडवतात आम्ल आणि पेप्सिन. मग लाळेतून आलेले एक प्रथिन त्याला उचलून घेते; आतड्यात ट्रिप्सिन त्या वाहकालाही कापून काढते; आणि मग जठरातूनच आलेला तिसरा एक सोबती त्याचा हात धरतो आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटापर्यंत नेऊन पोहोचवतो. या तिसऱ्या सोबत्याची चाहूल बोस्टनच्या विल्यम कॅसलला १९२० च्या दशकाच्या अखेरीस लागली. तो सकाळी स्वतः मांस खाई, तासाभराने ते आपल्या जठरातून काढून घेई, आणि घातक पांडुरोगाच्या रुग्णांना नळीने देई. त्यांचे रक्त सुधारे. तेच मांस थेट दिले तर सुधारत नसे. निरोग्याच्या जठरात असे काहीतरी होते, जे रुग्णाच्या जठरात उरले नव्हते. आणि गंमत अशी की, आम्ल बनवणाऱ्या ज्या पेशी, त्याच हा सोबतीही बनवतात.

आमची गोळी नेमकी या पेशींच्या पंपांना कुलूप घालत होती. कुलूप लागलेला पंप पुन्हा उघडत नाही, पेशीला नवा घडवावा लागतो, आणि आम्ही रोज सकाळी नव्यालाही कुलूप लावत होतो. सोबती येत होता, पण त्याने हात धरावा असा सुटा प्रवासीच फारसा नव्हता. त्यातून आम्ही शाकाहारी, म्हणजे मुळात आवक दुधातुपापुरती. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये पुण्याच्या शहरी आणि ग्रामीण पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळले. त्यांपैकी पुष्कळांचे जठर ठणठणीत असणार. आमच्याकडे तर ताटात कमी आणि जठरात अडसर, असे दोन्ही जमून आले होते.

डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली आणि गोळी हळूहळू उतरवत नेली. एकदम बंद करू नका, आम्ल उसळून येते, असे त्यांनी बजावले. शिवाय ही गोळी काहींना खरोखर लागते, रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना तर फारच, तेव्हा हा निबंध वाचून कोणी आपली गोळी कचऱ्यात टाकू नये. ज्याने दिली त्याला विचारावे. चार महिन्यांत आमच्या पायांच्या मुंग्या निम्म्याने कमी झाल्या. रात्री भिंत धरावी लागत नाही. नावे अजून अधूनमधून हरवतात. त्यातली किती वयाने आणि किती त्या अकरा वर्षांनी, हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि आम्हीही आता विचारत नाही.

दुसरा प्रश्न मात्र आम्ही विचारला. जठराचा मोठा भाग काढला असेल तर? डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, तर आम्लही कमी, पेप्सिनही कमी आणि तो सोबतीही कमी. यकृतात साठा असतो, त्यावर काही वर्षे निघतात. म्हणून आधी काहीच जाणवत नाही. जे व्हायचे ते मागाहून, सावकाश होते. अशा रुग्णांना बी-१२ ची इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागू शकतात. पाय, चाल, स्मृती, हे सारे त्यात येते का, असे आम्ही विचारले. येऊ शकते, असे ते म्हणाले. पण दादांचे तेच होते असे आज कोणी सांगू शकणार नाही, हेही त्यांनी लगेच जोडले. ते सज्जन आहेत.

पुढच्या रविवारी आम्ही वाडीतल्या घरी गेलो. वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण घरातली एकही चिठ्ठी त्यांनी फेकलेली नाही. माळ्यावरची लोखंडी पेटी उतरवली. सोवळ्याच्या मुकट्याखाली, विम्याच्या पावत्यांबरोबर, दादांच्या १९७३ च्या शस्त्रक्रियेचा कागद होता. घडीवर घडी जीर्ण झालेली. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, काय काढले आणि कसे जोडले ते लिहिले होते. खाली आहार लिहिला होता: थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा. आणि त्याच्याही खाली एका ओळीत, दरवर्षी रक्त तपासावे, बी-१२ ची इंजेक्शने लागतील.

इंग्रजी घेऊन पदवीधर झालेले आम्ही त्या घरातले पहिले. त्या दिवशी दादांना घरी आणताना हा कागद आमच्याच हातात होता. शस्त्रक्रियेचा खर्च किती झाला, एवढेच आम्ही त्यात शोधले होते असे आठवते.

वहिनी पाट सरकवून जवळ बसल्या होत्या. वरणभातावर पिळायला लिंबाची फोड त्यांनी आमच्या ताटात आधीच ठेवली होती. "काय लिहिलंय हो भाऊजी त्यात?" त्यांनी विचारले.

आम्ही कागदाची घडी होती तशी घातली.

"पथ्य लिहिलंय," आम्ही म्हणालो. "थोडं थोडं खावं, असं."

"ते तर मी पाळलंच हो सगळं," वहिनी म्हणाल्या, आणि वरण वाढू लागल्या.